पाटाच्या पाण्यामागून येणारा ताप

यंदाच्या कार्यक्रमातून जमणारा निधी पूर्व विदर्भातल्या धान पिकवणाऱ्या गावांमध्ये औषध लावलेल्या मच्छरदाण्या आणि तापाच्या तपासणीसाठी द्यायचा असं ठरलं, तेव्हा काही सभासदांनी अगदी साधा प्रश्न विचारला. डास तर सगळीकडेच आहेत, मग धानपट्टाच का? मुंबईत डास नाहीत का, पुण्यात नाहीत का? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर दोन ओळींत देता येण्यासारखं नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे डासांचा विषय निघाला की बोलणं पटकन गटारं, कचरा आणि नगरपालिकेकडे वळतं. शहरापुरतं ते ठीकच आहे. डेंग्यूचा एडिस डास आपल्या घरातच वाढतो: कुंडीखालची बशी, कूलर, गच्चीवरची उघडी टाकी, पंक्चरवाल्याकडचे जुने टायर. पण हिवताप (म्हणजे आपला मलेरिया) आणि जपानी मेंदूज्वर या दोन आजारांची गोष्ट बरीचशी शेतात घडते. कुठलं पीक घेतलं, त्याला पाणी किती आणि कसं दिलं, गोठा कुठे बांधला, कापणीला मजूर कुठून आले, यावर तो आजार त्या भागात येणार की नाही हे बऱ्याच अंशी ठरतं. हवामानबदलाचं बोट धरून डास नव्या प्रदेशात जातात असं आपण हल्ली रोज वाचतो. ते खरंही आहे. पण त्याआधीपासून, निदान पावणेदोनशे वर्षं, हे काम शेतीतले बदल करत आले आहेत आणि त्याची नोंद पहिल्यांदा व्यवस्थित झाली ती आपल्या भारतातच.

दिल्लीच्या उत्तरेला कर्नाल म्हणून गाव आहे. पश्चिम यमुना कालवा इंग्रजांनी दुरुस्त करून पुन्हा सुरू केला आणि त्या पाण्यावर शेती वाढली. कर्नालला मोठी छावणी होती. तिथल्या शिपायांना तापाने इतकं ग्रासलं की १८४० च्या दशकात ती छावणीच उठवावी लागली. पुढे गंगेचा मोठा कालवा काढायचा होता, तेव्हा सरकारला धास्ती वाटली की हेच पुन्हा होईल. म्हणून बेकर, डेम्प्स्टर आणि यूल अशा तिघांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल १८४७ सालचा. (आयर्लंडच्या इतिहासात ही वर्षं बटाट्याच्या दुष्काळाची. इथे बटाट्याच्या एकाच वाणावर पोट अवलंबून ठेवल्याची किंमत लोक मोजत होते, त्याच वेळी तिकडे पाण्याचा हिशेब चुकल्याची किंमत मोजली जात होती.)

यातले डेम्प्स्टर हे डॉक्टर. डासाचा आणि तापाचा संबंध तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, म्हणजे पन्नास वर्षांनी. डेम्प्स्टर यांनी एक साधी युक्ती केली. गावोगाव जाऊन ते लोकांची, मुलांची पोटं चाचपत आणि पानथरी सुजली आहे का ते पाहत. वारंवार हिवताप झालेल्या मुलाची पानथरी वाढते, हाताला लागते. किती जणांची वाढली आहे यावरून त्या गावात तापाचा जोर किती हे कळतं. पुढे शंभरेक वर्षं जगभर हीच पद्धत वापरली गेली.

समितीला जे दिसलं ते आजही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. कालव्याचं पाणी मिळणारी सगळीच गावं तापाने आजारी नव्हती. जिथे जमीन हलकी होती आणि पाण्याचा निचरा होत होता तिथे लोक बऱ्यापैकी ठणठणीत होते. जिथे जमीन चिकट, भारी आणि कालव्याच्या भरावाने पावसाचं पाणी वाहून जायच्या जुन्या वाटा अडवलेल्या, तिथे पानथऱ्या वाढलेल्या. थोडक्यात दोष पाणी आणल्याचा नव्हता. पाणी आणलं, पण ते जायची वाट ठेवली नाही, याचा होता. गंगेचा कालवा १८५४ साली सुरू झाला. तो आखताना निचऱ्याचा विचार करावा लागला तो या अहवालामुळे.

आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या किंवा बारामतीकडच्या सभासदांना हे नव्याने सांगायला नको. उसाला बेसुमार पाणी पाजून जमिनी चिबड झालेल्या त्यांनी पाहिल्या आहेत. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी, खडकवासल्याच्या आपोआप उघडणाऱ्या दरवाजांचे कर्ते) यांनी दख्खनच्या कालव्यांवर 'ब्लॉक' पद्धत आणली होती. सगळ्या जमिनीला बारमाही पाणी न देता गटागटाने आणि पिकांची फेरपालट करत द्यायचं. उद्देश पाण्याचा नीट वापर आणि जमीन चिबड होऊ न देणं. डास हा त्या योजनेचा विषय नव्हता, पण चिबड जमीन टळली की डासांची एक सोय आपोआप टळते.

आता थोडं डासांविषयी, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. डास म्हणजे सगळे सारखे हा मोठा गैरसमज आहे. प्रत्येक जातीची पाण्याची आवड वेगळी, अगदी आपल्या चहासारखी. हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलिस डासांपैकी 'स्टीफेन्सी' विहिरीत आणि टाक्यांत रमतो, म्हणून तो मुंबईचा. 'फ्लुविआटिलिस' जंगलातल्या संथ वाहणाऱ्या ओढ्यांच्या कडेला. 'क्युलिसिफेसीस' कालव्याच्या पाझरात, चाऱ्यांच्या डबक्यांत आणि भाताच्या नुकत्या लावलेल्या खाचरांत. रोपं लहान, ऊन थेट पाण्यावर, पाणी वीतभर उथळ: त्याच्या दृष्टीने झकास व्यवस्था. मेंदूज्वर पसरवणारे 'क्युलेक्स' जातीतले काही डास तर भाताच्या खाचरांचेच म्हणावेत इतके तिथे वाढतात. गरम हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

म्हणजे शेतकऱ्याने पीक बदललं की तो नकळत डासांची जातही बदलतो. याचं सर्वांत ठळक उदाहरण राजस्थानात घडलं. थरच्या वाळवंटात लोक पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवत. त्याला तिकडे 'टांका' म्हणतात. तिथला डास मुख्यतः टांक्यातला स्टीफेन्सी. हिवताप होता, पण बेताचा. १९५८ साली तिथे कालव्याचं काम सुरू झालं. आज त्याला इंदिरा गांधी कालवा म्हणतात, फीडर धरून लांबी जवळजवळ साडेसहाशे किलोमीटर. १९८० च्या दशकात पाणी पार जैसलमेर जिल्ह्यापर्यंत पोचलं. जिथे बाजरी आणि मटकीच्या पलीकडे काही पिकत नव्हतं, तिथे गहू, कापूस, भुईमूग डोलायला लागले. वाळवंटात हिरवळ पाहून कुणाचाही ऊर भरून येईल आणि त्यात चूक काहीच नाही.

पण कालवा पाझरत होता. वाळूखाली काही ठिकाणी कठीण थर असल्यामुळे पाणी मुरेना, बाजूला तळी साचली. मागोमाग क्युलिसिफेसीस आला. कालव्याच्या कामावर आणि नव्या शेतांवर देशभरातून मजूर आले. त्यातल्या काहींच्या रक्तात हिवतापाचे जंतू होते. स्थानिक लोकांना या तापाची सवय नव्हती, त्यामुळे शरीरात प्रतिकारशक्तीही नाही. १९९४ साली पाऊसही भरपूर झाला आणि पश्चिम राजस्थानात हिवतापाची जबरदस्त साथ आली. त्यातही मेंदूवर जाणारा, जिवावर बेतणारा फाल्सिपेरम प्रकार मोठ्या प्रमाणात होता. ज्या प्रदेशाचं नाव घेतलं की आपल्याला तहान लागते, तिथे माणसं डासांच्या तापाने गेली.

इथे एक फरक सांगायला हवा. हिवताप माणसाकडून डासाकडे आणि डासाकडून पुन्हा माणसाकडे जातो, म्हणून त्याला नव्या जागी जायला मजुराचं, प्रवाशाचं रक्त पुरतं. जपानी मेंदूज्वराचं तसं नाही. तो विषाणू पाणथळीच्या पक्ष्यांमध्ये, म्हणजे बगळे, ढोकरी यांच्यामध्ये आणि डुकरांमध्ये वाढतो. माणसाच्या रक्तात तो इतका कमी असतो की आजारी माणसाला चावून डास पुढे कुणाला आजार देऊ शकत नाही. माणूस म्हणजे त्याची बंद गल्ली. मग तो नव्या प्रदेशात जातो कसा? जिथे भाताची खाचरं, बगळे आणि डुकरं एकत्र येतात, तिथे त्याला घर मिळतं. आणि या तिन्हींना एकत्र आणते ती शेती.

नावात जपान असलं तरी भारतात हा आजार ओळखला गेला १९५० च्या दशकात, तमिळनाडूत वेल्लोरच्या परिसरात. पुण्यात १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं होतं. आजची आपली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, 'एनआयव्ही', ती हीच. या आजाराचा भारतातला माग काढण्यात तिचा वाटा मोठा. १९७३ साली पश्चिम बंगालमध्ये बांकुरा आणि बर्दवान या भातपट्ट्यात मोठी साथ आली. त्यानंतर आसाम, उत्तर प्रदेश, कर्नाटकातले मंड्या आणि कोलार, असा तो भाताच्या मागे मागे दिसत गेला. गोव्यातही १९८० च्या दशकात साथ झाली. २००५ साली गोरखपूरच्या परिसरात जे झालं ते अनेकांना टीव्हीवर पाहिलेलं आठवत असेल. त्या एका वर्षात उत्तर प्रदेशात तेराशेहून अधिक बळी गेले, आणि त्यात बहुतेक मुलं होती.

हा आजार फसवा आहे. विषाणू शरीरात गेलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. साधारण अडीचशेत एकाला मेंदूज्वर होतो. पण ज्याला होतो त्याची अवस्था वाईट. अशा रुग्णांत शंभरातले तीसपर्यंत दगावू शकतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचं अपंगत्व येतं. नक्की औषध असं नाही. लस आहे. भारतात २००६ पासून जोखमीच्या जिल्ह्यांत मुलांना ती टप्प्याटप्प्याने दिली जाऊ लागली, सुरुवातीला चीनमधून आणून. पुढे २०१३ साली भारत बायोटेकची लस आली. तिच्यासाठी वापरलेला विषाणू कोलारच्या साथीतला, एनआयव्हीने वेगळा केलेला. पुणेकरांनी मनातल्या मनात पाठ थोपटून घ्यायला हरकत नाही!

साठ-सत्तरच्या दशकानंतर असं काय बदललं की हा आजार इतका फोफावला? धरणं झाली, विहिरींवर पंप बसले. पूर्वी भात पावसावर एकदाच यायचा. आता उन्हाळी धानही होऊ लागलं, म्हणजे खाचरं वर्षात दोनदा भरू लागली आणि डासांचा हंगामही दोनदा. रासायनिक खत आलं. तमिळनाडूत मदुराईच्या संशोधकांनी २००० सालच्या सुमारास दाखवलं की युरिया टाकलेल्या खाचरात या क्युलेक्स डासांच्या अळ्या जास्त होतात. जोडधंदा म्हणून वराहपालन आलं. श्रीलंकेत तर महावेली धरण योजनेतून नवी भातशेती उभी राहिली आणि तिथल्याच शेतकऱ्यांना डुकरं पाळायला उत्तेजन दिलं गेलं. हेतू चांगला होता, गरिबाला चार पैसे मिळावेत. पण १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथे, अनुराधपूरच्या बाजूला, मेंदूज्वराच्या साथी आल्या. २०२२ साली ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, जिथे हा आजार कधी नव्हता, तिथल्या मोठमोठ्या वराहपालन फार्मांवर तो एकदम उपटला. त्या वर्षी पूर आले होते, पाणपक्षी नव्या जागी गेले होते आणि वाटेत हजारो डुकरं एका छपराखाली तयार होती.

आता विदर्भाकडे येऊ. माझं आजोळ भंडारा जिल्ह्यातलं. तिकडे भाताला भात म्हटलं की लोक हसतात, ते धान. खाचराला बांधी, लावणीला रोवणी आणि रोपांना पऱ्हे. भंडारा-गोंदियाला तलावांचे जिल्हे म्हणतात ते उगाच नाही. जुन्या मालगुजारांच्या काळापासूनचे हजारो तलाव तिथे आहेत, लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात (माजी मालगुजारी या शब्दांची आद्याक्षरं). रोवणीच्या दिवसांत बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत गुडघाभर पाण्यात वाकलेल्या असतात आणि बांधावर बगळ्यांची रांग. दृश्य फार सुंदर. पण आता वरच्या परिच्छेदातली यादी आठवून पाहा: उथळ पाणी आहे, बगळे आहेत, अनेक गावांत मोकाट डुकरंही आहेत.

याच जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. पायाभरणी १९८८ ची, आणि २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची अशी ती योजना. शेतकऱ्यांनी या पाण्याची एक पिढी वाट पाहिली आहे, तेव्हा त्याविरुद्ध बोलायचं माझ्या मनात चुकूनही नाही. गोसीखुर्दमुळे आजार वाढला असंही मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की जिथे पावसाळ्यात एकदा धान व्हायचं तिथे कालव्याने उन्हाळ्यातही होऊ लागलं, तर डासांना दुसरा हंगाम मिळतो, आणि हे आपल्याला १८४७ पासून माहीत आहे. कालव्याचा नकाशा पाटबंधारे खात्याच्या कचेरीत असतो आणि तापाच्या रुग्णांची वही प्राथमिक आरोग्य केंद्रात. ते दोन कागद एका टेबलावर आले पाहिजेत.

शेजारच्या गडचिरोलीची कथा थोडी वेगळी. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांमध्ये या एका जिल्ह्याचा वाटा वर्षानुवर्षं फार मोठा राहिला आहे. तिथे जंगल, ओढे आणि धान यांची सरमिसळ आहे. शेतावरच्या उघड्या झोपडीत राखणीला झोपणं, तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात मुक्काम, हे सगळं डासाच्या वेळेशी जुळणारं. घरात फवारणी केली तरी घरात झोपतंय कोण? म्हणून तिथे शेतावर नेता येईल अशी मच्छरदाणी आणि गावातच आशाताईकडून रक्ताची झटपट तपासणी, या दोन गोष्टींचा उपयोग सर्वांत जास्त. आपल्या निधीतून नेमकं याच गोष्टींसाठी पैसे जाणार आहेत, ते या कारणाने.

आणि हा फक्त विदर्भाचा प्रश्न राहिलेला नाही. मार्च २०२५ मध्ये पुणे, रायगड आणि परभणी जिल्ह्यांत १ ते १५ वर्षांच्या मुलांना जपानी मेंदूज्वराची लस देण्याची मोहीम काढावी लागली. विदर्भातले काही जिल्हे यात आधीपासून होते, पण पुण्याचं नाव या यादीत येईल असं वीस वर्षांपूर्वी कुणाला वाटलं असतं?

गुरांचाही यात हात आहे, आणि तो कधी आपल्या बाजूने तर कधी विरुद्ध. पुष्कळ डासांना माणसापेक्षा गाईचं रक्त अधिक आवडतं. युरोपात एकेकाळी हिवताप होता, इंग्लंडमध्ये टेम्सच्या दलदलीतसुद्धा. ऑलिव्हर क्रॉमवेल, ज्याचं नाव इथे आजही कुणी प्रेमाने घेत नाही, त्याला अशा हिवतापाने पछाडलं होतं आणि तो आयर्लंडच्या मोहिमेत जडला असं मानतात. पुढे उत्तर युरोपातून हिवताप हळूहळू गेला, तो कुठलंही औषध फवारण्याच्या आधी. कारणं बरीच सांगतात: दलदली आटवल्या, घरं सुधारली. एक मजेदार कारण शेतीतलं आहे. हिवाळ्यात जनावरांना घालायला सलगमसारखी कंदपिकं घेऊ लागले, त्यामुळे जास्त गुरं गोठ्यात ठेवता आली. उबदार, अंधारा गोठा आणि आत गाई, मग डास माणसाच्या घरात कशाला जातील? आयर्लंडमध्ये आजही माणसांपेक्षा गुरं जास्त आहेत, माणसं पन्नास लाखांच्या थोडी वर आणि गुरं सत्तर लाखांच्या घरात. डासांच्या बाबतीत तरी या गाईंचे आभार मानावेत.

उलटं काय होतं ते दक्षिण अमेरिकेतल्या गयानात दिसलं. (तिथे आपल्याकडूनच नेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या वंशजांनी भातशेती वाढवली.) हिवताप तिथून जवळजवळ हद्दपार झाला होता. १९६० च्या सुमारास डेमेरारा नदीच्या मुखाजवळ तो पुन्हा उगवला. जॉर्ज जिलिओली या डॉक्टरांनी शोध घेतला. भातशेती वाढली तशी चराऊ रानं गेली, गुरं हटवली गेली, नांगराच्या बैलांची आणि ओझ्याच्या खेचरांची जागा ट्रॅक्टर-ट्रकांनी घेतली. जो डास आजवर जनावरांवर पोट भरत होता तो निमूटपणे माणसांकडे वळला. डास तोच, गावही तेच, फक्त बैल गेले. आपल्याकडेही बैल झपाट्याने जात आहेत. त्याचा डासांवर काय परिणाम होतो हे कुणीतरी गावोगाव मोजायला हवं.

हे सगळं वाचून असं वाटेल की भात म्हणजेच रोग. तसं मुळीच नाही. भात विकून हातात पैसा आला की लोक पक्कं घर बांधतात, मच्छरदाणी घेतात, डॉक्टरकडे वेळेत जातात. आफ्रिकेत अनेक ठिकाणी भातपट्ट्यात डास जास्त पण हिवताप जास्त नाही असं चित्र दिसलं होतं. अर्थात अलीकडच्या, २०२२ सालच्या एका आढाव्यात आढळलं की आजूबाजूचा हिवताप कमी होऊ लागला की मात्र भातपट्टे मागे राहतात, तिथे तो टिकून बसतो. शेवटची लढाई तिथेच.

उपायही शेतातच आहेत, आणि ते फार खर्चिक नाहीत. मघाशी सांगितलेला आठ-दहा दिवसांचा आकडा आठवा. खाचरात पाणी सतत न ठेवता दर आठवड्याला एकदा पूर्ण आटू दिलं, जमिनीला बारीक भेगा पडेपर्यंत, आणि मग पुन्हा भरलं, तर अळ्यांना डास व्हायला सवडच मिळत नाही. तमिळनाडूत १९९० च्या दशकात याचे प्रयोग झाले. डास घटले, पाणी वाचलं, उत्पादन कमी झालं नाही. जपानमध्ये हंगामाच्या मध्यात शेत सुकवण्याची पद्धत जुनी आहे. तिथे हा आजार जवळजवळ संपला त्यात लसीचा मोठा वाटा, डुकरं वस्तीपासून दूर मोठ्या फार्मांवर गेली त्याचाही, आणि या सुकवण्याचाही. मग आपल्याकडे हे सर्रास का होत नाही? कारण आठवड्याला पाणी तोडायचं तर पुन्हा वेळेवर मिळेल याची खात्री हवी. कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी पाणी आलं की बांधी काठोकाठ भरून ठेवतो, कारण पुढचं आवर्तन कधी येईल याचा भरवसा नाही. त्याला डासांबद्दल व्याख्यान देऊन उपयोग नाही. त्याला पाण्याचं वेळापत्रक द्या.

दुसरी गोष्ट कडुनिंबाची. कडुनिंबाच्या पेंडीचं आवरण दिलेला युरिया टाकल्यास या डासांच्या अळ्या कमी होतात, असं दक्षिण भारतातल्या प्रयोगांत दिसलं होतं. २०१५ मध्ये सरकारने देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाचं आवरण सक्तीचं केलं. ते डासांसाठी नव्हे, युरियाचा काळाबाजार थांबावा आणि नत्र हळूहळू सुटावं म्हणून. आजीबाईचा बटवा कधी कधी असा मागच्या दाराने सरकारी धोरणात शिरतो. तलावांत गप्पी मासे सोडणं, पाटाच्या चाऱ्यांतलं गवत काढणं, डुकरांचे वाडे घरांपासून लांब नेणं, ही कामं ग्रामपंचायत करू शकते.

इथे डब्लिनमध्ये बसून आपल्याला काळजी करायचं कारण आहे का? आयर्लंडपुरतं बोलायचं तर आज जवळजवळ नाही. डास इथेही आहेत, पण साध्या हिवतापाच्या जंतूला डासाच्या पोटात वाढायला बरेच दिवस पंधरा-सोळा अंशांच्या वर तापमान लागतं, आणि आपला इथला उन्हाळा आपल्याला माहीतच आहे. इथे नोंदले जाणारे हिवतापाचे रुग्ण परदेशातून ताप घेऊन आलेले असतात. पण शेजारी काय चाललंय तेही पाहू. २०२० साली स्पेनमध्ये, सेव्हिलच्या खाली ग्वादलकिवीर नदीकाठच्या गावांत 'वेस्ट नाईल' तापाची साथ आली. देशात ७७ रुग्ण, ८ मृत्यू. ही गावं कुठली? दलदल आटवून केलेल्या विस्तीर्ण भातशेतीला लागून असलेली. आपण सुट्टीत ज्या स्पेनला जातो तोच हा. मे २०२५ मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याने जाहीर केलं की नॉटिंगहॅमशरमधल्या पाणथळीत २०२३ साली पकडलेल्या डासांत या विषाणूचे अंश सापडले. माणसांत तिथे प्रसार झालेला नाही. तरी खिडकीशी पाहुणा दिसला आहे एवढं खरं.

आपल्याला खरी जोखीम आहे ती आपल्या स्वतःच्या प्रवासात. इथल्या शाळांना सुट्टी लागते जून-जुलैला आणि आपण मुलांना घेऊन गावी जातो ते थेट रोवणीच्या, लावणीच्या दिवसांत. इथे जन्मलेल्या मुलांना जपानी मेंदूज्वराची लस मिळालेली नसते, कारण इथल्या बालकांच्या लसीकरणात ती नाही. आणि आपण मोठे? 'आम्ही तिथेच वाढलो, आम्हाला काय होतंय' हा आपला ठरलेला संवाद. हिवतापाविरुद्धची जी काही ताकद लहानपणी अंगात असते ती देश सोडल्यावर काही वर्षांत ओसरते.

तेव्हा जाण्याआधी दीड-दोन महिने प्रवासी लसीकरणाच्या क्लिनिकमध्ये जा आणि डॉक्टरांना नुसतं 'इंडिया' सांगू नका. जिल्हा सांगा, महिना सांगा, किती दिवस राहणार आणि घर शेताजवळ आहे का ते सांगा. बांद्र्याला आठ दिवस राहणाऱ्याला आणि गोंदियाला महिनाभर राहणाऱ्याला एकच सल्ला लागू होत नाही. मेंदूज्वराची लस इथे मिळते, दोन डोस असतात आणि त्यांत साधारण चार आठवड्यांचं अंतर. गडचिरोलीकडे जाणार असाल तर हिवतापाच्या गोळ्यांबद्दल विचारा. गावी संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि रात्री मच्छरदाणी. मुलांना ती तंबूसारखी वाटते, आवडते. हे दोन्ही डास रात्रीचे आहेत, त्यामुळे मच्छरदाणीइतका साधा उपाय दुसरा नाही. परतल्यावर ताप आला, मग तो आठवड्याने येवो की आठ महिन्यांनी (हिवतापाचा एक प्रकार यकृतात दबा धरून बसतो), तर जीपीकडे गेल्यावर पहिल्याच वाक्यात आपण भारतात जाऊन आलो हे सांगा आणि रक्ततपासणी त्याच दिवशी मागून घ्या. इथल्या डॉक्टरांना हिवतापाचा रुग्ण वर्षानुवर्षं दिसत नाही. आपण सांगितलं नाही तर त्यांच्या मनात फ्लू येणार, हे साहजिक आहे.

मच्छरदाण्यांची पाकिटं आणि देणगीचे अर्ज कार्यक्रमाच्या दिवशी प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. लहान मुलांनी पाकिट उघडून आत बसून पाहिलं तरी स्वयंसेवक रागावणार नाहीत.